मुळातच चूझी

मागच्या वर्षीची गोष्ट. मे महिना, बाहेर पुण्याचा भाजका उकाडा आणि आमच्या टीमचं एक प्रोजेक्ट चक्क वेळेत डिलिव्हर झालेलं. टीम लीड इतका खूश की त्याने सगळ्यांना जेवायला नेलं. तेसुद्धा त्या कॅटेगरीतल्या रेस्टॉरंटमध्ये, जिथे मेन्यूकार्डवर रुपयाचं चिन्हच नसतं. नुसते आकडे! मी ट्रफल रिसोटो मागवला. आला तो आपल्या मऊ भाताचा एनआरआय चुलतभाऊ, वर तेलाचे चार थेंब. वास मात्र सॉलिड. (नंतर कळलं की बाजारातल्या बहुतेक ट्रफल ऑइलमध्ये ट्रफल नसतोच, लॅबमध्ये केलेला सुगंध असतो. जाऊ दे. बिल कंपनीने भरलं होतं.)

आमच्या टीममध्ये एक जगदलपूरचा मुलगा आहे. पुण्यात सहा वर्षं काढल्यामुळे मराठी फाडफाड बोलतो, फक्त वस्तूंची लिंगं चुकवतो. त्याने माझ्या प्लेटमधला एक चमचा चाखला आणि म्हणाला, "ठीक आहे. पण आमच्या इकडचा भाजी याच्यापेक्षा भारी असते. बोडा. तो पण जमिनीतूनच निघतो, आणि मटणापेक्षा महाग."

मटणापेक्षा महाग भाजी? आम्ही त्याला यथेच्छ पिडलं. तो काही बोलला नाही. जूनमध्ये सुट्टीवरून परत आला तो एक स्टीलचा डबा घेऊन.

ऑफिसच्या पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हमध्ये गरम करून आम्ही पाच जणांनी तो डबा संपवला. बोडा म्हणजे मोठ्या बोराएवढे गोळे, आईने बटाट्याबरोबर रश्शात केलेले. वरचं आवरण करकरीत, दाताखाली फुटतं, आणि आत मऊ लोण्यासारखं काहीतरी. अळंबीच ती, पण छत्री नाही, देठ नाही. आणि किमतीचं म्हणाल तर पठ्ठ्या खरं बोलत होता. पहिल्या पावसात जगदलपूरच्या बाजारात बोडा येतो तेव्हा किलोला हजार-दोन हजारांच्या घरात जातो. बायका पहाटे जंगलात जाऊन जमीन हलक्या हाताने उकरतात आणि टोपलीतून विकायला आणतात. पावसाचे जेमतेम काही आठवडे, मग संपलं.

झालं! माझ्यातला एमबीए जागा झाला. किलोला दोन हजार, आणि पुरवठा वर्षातून काही आठवडे? हा तर रेडीमेड बिझनेस प्लॅन! मी लगेच एका वीकेंड मशरूम कोर्सला नाव नोंदवलं. तिथे धिंगरी शिकवतात. भाताचा पेंढा भिजवायचा, निर्जंतुक करायचा, पिशवीत बी पेरायचं, आणि तीनेक आठवड्यांत पिशवीला कान फुटतात. सोप्पं आहे. चहाच्या सुट्टीत मी सरांना हळूच विचारलं, "सर, असा बोडा लावता येईल का?"

सर हसले. म्हणाले, "मॅडम, धिंगरी मेलेलं खाते. पेंढा द्या, भुसा द्या, लाकूड द्या, तिला चालतं. तुमच्या बोड्याला जिवंत झाड लागतं. आणि तेही वाट्टेल ते नाही, साल लागतो."

मला वाटलं, कसली चूझी भाजी आहे ही! हे वाक्य मला स्वतःबद्दल रोज ऐकावं लागतं, म्हणून ओळखीचं वाटलं. आमच्या मातोश्री गेली तीन वर्षं माझ्यासाठी स्थळं बघतायत आणि प्रत्येक नकारानंतर "इतकं चूझी असून चालत नाही" हा डायलॉग ठरलेला. मी म्हटलं, बघू तरी, जमिनीखाली हे कसं चालतं.

आणि मी जी वाचत सुटले...

तर फंडा असा. जंगलातल्या जवळपास सगळ्याच झाडांच्या मुळांत बुरशी राहते. बुरशी म्हटलं की आपल्याला शिळा पाव आठवतो, पण ही भाडेकरू नव्हे, पार्टनर. तिचे धागे मुळांपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे मूळ जिथे शिरू शकत नाही त्या मातीच्या फटींतून ती फॉस्फरस, नायट्रोजन, पाणी ओढून आणते. बदल्यात झाड तिला पानांत बनवलेली साखर देतं. काही झाडं तर आपल्या कमाईचा पाचवा हिस्सा तिला देतात. म्हणजे प्रॉव्हिडंट फंडापेक्षा जास्त कटिंग!

गंमत म्हणजे हे शोधलं गेलं ते माझ्यासारख्याच हावरट कारणापायी. आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला प्रशियाच्या सरकारने काम दिलं होतं की बाबा रे, ट्रफलची शेती करता येते का बघ. त्याने झाडांची मुळं तपासली, तर टोकांवर बुरशीचा मोजा चढवलेला! १८८५ मध्ये त्याने या जोडीला 'मायकोरायझा' हे नाव दिलं. ग्रीकमध्ये 'मायकेस' म्हणजे बुरशी आणि 'रायझा' म्हणजे मूळ. प्रशियाला ट्रफलची शेती काही मिळाली नाही, पण विज्ञानाला एक नवीन विषय मिळाला.

आता या पार्टनर मंडळींचे मुख्य दोन गट आहेत, आणि इथेच आपला चूझीपणाचा मुद्दा येतो.

पहिला गट मुळाच्या पेशींच्या थेट आत शिरतो आणि तिथे झुडपासारख्या फांद्या काढतो. याला आर्बस्क्युलर म्हणतात. स्वभावाने एकदम मिळूनमिसळून राहणारा. जगातल्या ७० टक्क्यांहून जास्त वनस्पतींशी याचं जमतं आणि त्यासाठी बुरशीच्या जाती लागतात फक्त काहीशे. गहू, ऊस, आंबा, फणस, साग... कुणीही चालतं. याची पसंती नसतेच असं नाही, पण यादी लांब असते. एक मात्र आहे, हा गट अळंबी काढत नाही. सगळा कारभार जमिनीखाली.

दुसरा गट पेशीच्या आत जात नाही. मुळाच्या टोकाला बाहेरून वेढतो आणि पेशींच्या मधल्या फटींतून जाळं विणतो. हा एक्टोमायकोरायझा. जंगलातल्या पुष्कळशा देखण्या छत्र्या, ट्रफल आणि आपला बोडा याच गटातले. वनस्पतींच्या जाती मोजल्या तर जेमतेम २ टक्के या गटाशी जोडी जमवतात. पण २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये जगभरच्या जंगलांचा हिशोब आला. त्यानुसार पृथ्वीवरच्या झाडांची खोडं मोजली तर जवळजवळ ६० टक्के झाडं या गटाची निघतात. पाइन, ओक, बर्च, बीच. आणि आपल्याकडे साल.

या दुसऱ्या गटात स्वभावाचे सगळे नमुने सापडतात. सेनोकोकम नावाची एक काळी बुरशी आहे, ती कुठल्याही मुळाशी मैत्री करते. पार्टीत सगळ्यांच्या ओळखीचा एक असतो ना, तशी. याउलट स्युलस नावाच्या घराण्याला पाइनच्या कुळाबाहेर बघायचंच नसतं, आणि त्यातही पोटभेद. एकीला फक्त लार्च, एकीला डग्लस फर. अल्डर नावाच्या झाडाची बुरशी तर बहुतेक अल्डरशीच लग्न करते. झाडं मात्र तेवढी एकनिष्ठ नसतात. एका अंदाजानुसार एकट्या डग्लस फरशी संसार करू शकतील अशा बुरशीच्या २,००० जाती आहेत! बुरशीला हाच हवा, आणि त्याचे पर्याय दोन हजार. (ओळखीचं वाटतंय? मलाही.)

निवड होते कशी? बायोडेटा पाठवून! मुळं मातीत रसायनं सोडतात. त्यातलं स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन लागताच पहिल्या गटातली बुरशी भराभर फांद्या काढायला लागते, हे २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. दुसऱ्या गटाची ट्रिक आणखी भारी. लॅकेरिया नावाची अळंबी पॉप्लरच्या मुळाच्या पेशीत एक छोटं प्रथिन धाडते. ते थेट केंद्रकात जाऊन बसतं आणि झाडाच्या संरक्षण यंत्रणेला गप्प करतं. हे प्रथिन बनवता आलं नाही तर जोडी जुळतच नाही. थोडक्यात, दाराच्या वॉचमनशी सेटिंग लागतं. प्रत्येक सोसायटीचा वॉचमन वेगळा.

इंटरनेटवर तुम्ही ते रील्स बघितले असतीलच, झाडं बुरशीच्या केबलमधून गप्पा मारतात, आई झाड पिल्लाला खाऊ पाठवतं वगैरे. मीही फॉरवर्ड केलेत. २०२३ मध्ये तीन संशोधकांनी पुरावे तपासून सांगितलं की खऱ्या जंगलात हे सिद्ध झालंय असं म्हणणं घाईचं आहे. मला विचाराल तर त्या इमोशनल कहाणीपेक्षा ही निवडीची भानगड जास्त इंटरेस्टिंग आहे. कारण तिच्यावर खरंच बरंच काही अवलंबून असतं.

उदाहरणार्थ प्वेर्तो रिको. कॅरिबियन समुद्रातलं बेट, तिथे पाइन मुळात नव्हतेच. लाकडासाठी ते लावायचे प्रयत्न वर्षानुवर्षं झाले. बी रुजायचं, रोप पिवळं पडायचं, तिथेच थबकायचं. माती चांगली, पाऊस चांगला, सगळं चांगलं. फक्त मातीत पाइनला ओळखणारं कुणी नव्हतं. १९५५ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातून पाइनखालची थोडी माती आणून रोपांना घातली आणि त्यांनी अंग धरलं. खत नाही, औषध नाही. माहेरची माती!

ते वाचून मला माझा जुलै आठवला.

कोर्सनंतर मी हार मानली नव्हती. साल लागतो ना? मग साल लावू! जगदलपूरच्या आईंनी बिया कुरिअर केल्या. छान पंखवाल्या बिया, भिंगरीसारख्या. कुरिअर फिरत फिरत पंधरा दिवसांनी पोचलं. मी कोकोपीटमध्ये लावल्या, रोज पाणी घातलं. काही उगवलं नाही. सालाच्या बियांत जीव राहतो जेमतेम आठवडाभर, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी वर शहाणपणा म्हणून नर्सरीतून मायकोरायझाचं पाकीटही आणून ओतलं होतं. द्राक्ष आणि टोमॅटोवाले शेतकरी घेतात ते. त्या पाकिटात पहिल्या गटातली मंडळी असतात. म्हणजे मेलेल्या बियांच्या लग्नात मी भलत्याच वरातीला आमंत्रण दिलं होतं.

त्या दिवाळीत सिंधुदुर्गात आजीकडे गेले तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. आजी अळंबीतली पीएचडी. पावसात कुठल्या वारुळावर कधी येणार हे तिला पाठ असतं, आणि ती जागा ती सख्ख्या सुनेलाही सांगत नाही. म्हटलं, "आजी, आपल्या रानात झाडाखालचा बोडा का गो नाही?" ती म्हणाली, "आमची अळमी वाळवीची, झाडाची न्हय." बास! एका वाक्यात क्लीअर. कोकणातली ती चविष्ट अळंबी वाळवीबरोबर संसार करते. गोव्यात जिला रोन ओलमी म्हणतात तीही तीच. वाळवी वारुळात तिला पोसते आणि ती वाळवीला. आणि सह्याद्रीतली बहुतेक झाडं पहिल्या गटाशी जोडलेली, जो गट छत्री काढतच नाही. आपल्या मुळांतही पार्टनर आहेत, फक्त ते बाजारात येत नाहीत. दक्षिणेला कर्नाटकाच्या सदाहरित जंगलांत सालाच्या कुळातली झाडं आहेत, तिथे दुसऱ्या गटाच्या छत्र्या दिसतात. आपल्याकडे ही मंडळी थोडीच.

आता बोड्याकडे. शास्त्रीय भाषेत तो ॲस्ट्रियस. झारखंडमध्ये त्याला रुगडा म्हणतात, श्रावणात मटण बंद असतं तेव्हा रांचीत त्याची चलती असते. थायलंडमध्येही पहिल्या पावसात हाच गोळा सालाच्याच कुळातल्या झाडांखाली उकरतात. बरीच वर्षं जगभरच्या या सगळ्या गोळ्यांना एकच नाव होतं, त्यामुळे वाटायचं की याला पाइन, ओक, साल सगळं चालतं. डीएनए तपासल्यावर कळलं की एका नावाखाली बऱ्याच जाती लपल्यात. आशियातली एक जात २००७ मध्ये वेगळी काढली गेली. एकच गडी सगळीकडे रमतो असं वाटत होतं, प्रत्यक्षात ते अनेक भाऊ निघाले आणि प्रत्येकाचं सासर वेगळं.

आणि झाड गेलं तर? स्वीडनमध्ये याचा एक प्रयोग झाला, निकाल २००१ मध्ये आला. जंगलातल्या पाइनच्या खोडांची साल गोलाकार सोलून काढली, म्हणजे पानांतली साखर मुळांपर्यंत जाईना. झाडं उभीच होती, हिरवीही होती. पण दोन महिन्यांत जमिनीचा श्वास, म्हणजे मातीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, निम्म्यावर आला. आणि मुळांशी जोडलेल्या अळंब्या जवळजवळ उगवल्याच नाहीत. पगार बंद, काम बंद.

हे वाचल्यावर मी आमच्या बस्तरवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "हे तर माझा आजोबाला माहीत होता." आणि मग त्याने जे सांगितलं ते मला गुगलून खात्री करावी लागली. १९७० च्या दशकात, बस्तर मध्य प्रदेशात होतं तेव्हा, तिथलं सालाचं जंगल तोडून त्या जागी कॅरिबियन पाइन लावायची योजना आली होती. कागदाच्या लगद्यासाठी, जागतिक बँकेच्या मदतीने. आदिवासींनी जोरदार विरोध केला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती गुंडाळली गेली. त्याच सुमारास, १९७८ च्या आसपास, सिंहभूममध्ये दुसरी लढाई पेटली होती. तिथे साल तोडून साग लावत होते. साग म्हणजे सरकारी तिजोरीत पैसा. लोकांनी सागाची रोपं उपटली. त्यांची घोषणा होती, साल माने झारखंड, सागवान माने बिहार.

शाळेत असतं तर मी हे 'आदिवासींचं झाडावरचं प्रेम' या मथळ्याखाली पाठ करून सोडून दिलं असतं. आता हिशोब वेगळा दिसतो. साग पहिल्या गटाचा. त्याच्या मुळांशी रुगड्याचं जमत नाही, जमणारही नाही. सरकारच्या नकाशावर दोन्हीकडे हिरवाच रंग. झाडाच्या जागी झाड, हेक्टरच्या जागी हेक्टर. पण ज्या बाईचा जूनचा सगळा पैसा त्या टोपलीतून यायचा, तिच्यासाठी सागाखालची जमीन रिकामी. सालाचं बी, पानांच्या पत्रावळी, राळ हे गेलं ते सगळ्यांना दिसतं. जमिनीखालचा पार्टनर गेला तो कुठल्या फायलीत लिहिलाच जात नाही. आणि हे फक्त तेव्हाचं नाही. आजही एका ठिकाणचं जंगल तोडायची परवानगी मिळते आणि 'भरपाई' म्हणून दुसरीकडे रोपं लावली जातात. किती लावली याचा आकडा मिळतो. कोणाच्या मुळांशी कोण नांदायचं, हा कॉलमच एक्सेल शीटमध्ये नसतो. मी रोज आठ तास एक्सेल करते, मला माहितीय, जो कॉलम नाही तो प्रॉब्लेम नाही!

ट्रफलवाल्यांनी मात्र हा कॉलम केव्हाच उघडला. दोनशे वर्षांपूर्वी प्रोव्हान्समधल्या जोसेफ तालोन नावाच्या शेतकऱ्याने ट्रफल सापडणाऱ्या ओकखालची फळं उचलून आपल्या शेतात लावली. काही वर्षांनी त्या नव्या झाडांखाली काळे ट्रफल निघाले. पांढरा ट्रफल, जो किलोला लाखांत जातो, तो याहून नखरेल. २०२१ मध्ये फ्रेंच संशोधकांनी जाहीर केलं की मुद्दाम जोडी लावून वाढवलेल्या झाडांखाली पांढरे ट्रफल आले. किती? मूठभर! त्यासाठीही आधी रोपवाटिकेत मुळांशी बुरशीची गाठ बांधायची, मग शेतात लावायचं, मग वर्षानुवर्षं वाट बघायची.

माझा बिझनेस प्लॅन अर्थातच बारगळला. पण यंदाच्या जूनमध्ये आमचा बस्तरवाला सुट्टीवरून आला तो दोन डबे घेऊन. एक आम्हा पाच जणांचा, जो पॅन्ट्रीत सात मिनिटांत संपला. दुसऱ्यात माती होती. घरामागच्या रानातल्या एका सालाखालची, जिथे त्याच्या आईला दरवर्षी बोडा मिळतो, आणि त्या मातीत खोचलेल्या नऊ ताज्या बिया. झाडावरून पडून चारच दिवस झालेल्या. त्याने डबा पूर्ण प्रवासात मांडीवर धरला होता म्हणे.

नऊपैकी चार उगवल्या. दोन जुलैत माना टाकून गेल्या. दोन अजून आहेत, बाल्कनीत, तुळशीच्या शेजारी. पानं तांबूस आली आणि मग हिरवी झाली. आईने एकदा "ही कसली घाणेरडी माती, बदलून टाकते" म्हणून खुरपं हातात घेतलं होतं, तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवरून म्यूट न करता ओरडले. साताठ लोकांनी ऐकलं. पुण्याच्या बाल्कनीत सालाचं झाड होणार नाही, हे मलाही कळतं. दोन फुटांची झाली की ती कुठे द्यायची ते आम्ही दोघं शोधतोय.

पुढच्या जूनसाठी मी आत्ताच चार दिवसांची सुट्टी टाकलीय. जगदलपूरला जाणार, त्याच्या आईबरोबर पहाटे रानात. मॅनेजरला सांगून झालं. आमच्या मातोश्रींना अजून सांगितलं नाहीये, कारण मी मुलाच्या घरी चाललेय एवढंच ती ऐकेल आणि आधी पत्रिका मागेल.